कोपऱ्याला लागणारा दगड

इंग्लंडमधल्या नॉर्फोक परगण्यात रीफम नावाचं छोटं बाजाराचं गाव आहे. तिथे एकाच आवारात तीन चर्च. भक्ती उतू चालली होती असं नाही. तीन पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या ताब्यातल्या मुलखांच्या, हद्दी तिथे भिडत आणि प्रत्येकाला आपलं चर्च हवं होतं. हॅकफर्डचं १५४३ मध्ये जळालं, त्याच्या मनोऱ्याची थोडी भिंत उरलीय. बाकीची दोन अंगाला अंग लावून उभी आहेत.

या मुलखात चर्च बघताना आधी कोपरे बघावेत. इथे बांधकामाचा धड दगड मिळत नाही. मिळते ती गारगोटी, नांगरटीत वर येणारी, जवळपास फुकट. चुन्यात बसवली की भिंत होते, पण वेड्यावाकड्या गोट्यांनी कोपरा काही धरत नाही. तिथे घडीव दगडच लागतो, आणि तो इंग्लंडमधल्याच बार्नॅकच्या खाणीतून किंवा समुद्रापलीकडून, नॉर्मंडीतून, नावेने आणावा लागे. म्हणून मनोरे गोल बांधले, असं सांगतात. जवळच्या हॅव्हरिंगलंड गावच्या चर्चचा आहेच गोल. पण अशा मनोऱ्याला जोडलेल्या चर्चला कोपरे असतातच की! कारण पुरतं पटत नाही.

जवळच्याच सॉल गावात घरं मोजकी आणि चर्च अवाढव्य. पंधराव्या शतकातला लोकरीचा पैसा, दुसरं काय. आतलं बाप्तिस्म्याचं कुंड अष्टकोनी: सात बाजूंवर सात साक्रामेंत, म्हणजे चर्चचे पवित्र संस्कार, आठवीवर क्रुसावरचा ख्रिस्त. त्यावरचं उंच लाकडी झाकण उचलायची जुनी तुळई अजून जागेवर आहे. शेजारच्या कॉस्टनला मात्र वर बघायचं. छताच्या तुळयांवर पंख पसरलेले लाकडी देवदूत उभे आहेत. दुर्बीण न्यावी, नाहीतर नुसती मान दुखते.

या भिंतींचं दुखणं दरजांत असतं. गारगोटी पाणी पीत नाही, त्यामुळे भिंतीतली ओल चुन्याच्या दरजांतूनच बाहेर पडते. पुढे कुणीतरी मजबुतीसाठी त्या सिमेंटने भरतं. मग ओल आत कोंडते, थंडीत गोठून फुगते आणि गारगोट्या पोपड्यासारख्या सुटतात. दरज करडी, कडक आणि नखाने ओरखडा न उठणारी असेल तर सिमेंट समजावं. ते हलक्या हाताने छिन्नीने काढून परत चुना भरतात आणि वर ओलं गोणपाट टांगतात, कारण उन्हावाऱ्याने भराभर वाळला तर चुना तडकतो. हे काम हिवाळ्याच्या तोंडावर काढू नये. ओला चुना गोठला की त्याचा भुगा होतो आणि वसंतात सगळं पुन्हा उकरावं लागतं.