तुम्ही विचारलंत म्हणून: कणांच्या मापावरून हिमनदी कशी ओळखतात?

मी भूशास्त्र शिकवतो हे कळले की केदारनाथची यात्रा करून नाशिकला परतलेले लोक मला बहुधा एकच प्रश्न विचारतात. बर्फ तर आता बराच वर आहे, मग देवळाच्या आसपास पसरलेली दगडमाती हिमनदीनेच आणली, हे कशावरून सांगता? कणांच्या मापावरून बरेच काही कळते, असे उत्तर मी देतो; परंतु त्या ‘बरेच काही’ची मर्यादाही सांगावी लागते.

वाहते पाणी गाळाची प्रतवारी करते. गोदावरीच्या काठी गंगापूरला गोट्यांचे जुने थर दिसतात, तर खाली नांदूर मध्यमेश्वरच्या संथ पाण्यात बारीक गाळ बसतो. कारण वेग कमी होत जातो तसे पाणी जड कण आधी सोडते आणि हलके पुढे नेते. बर्फ घन असल्यामुळे अशी निवड करू शकत नाही. घराएवढी शिळा आणि पिठासारखी दगडाची भुकटी त्यात शेजारी शेजारी प्रवास करतात, आणि बर्फाने त्यांना सोडले की तिथेच एकत्र पडतात. या न निवडलेल्या गाळाला आम्ही टिल म्हणतो.

मोजणीसाठी वेंटवर्थ यांची १९२२ची मापश्रेणी आजही वापरली जाते. तिच्यानुसार २ मिलिमीटरपासून ६३ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाळू, त्याखाली ४ मायक्रॉनपर्यंत पोयटा आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. वाळू चाळण्यांतून वेगळी करतात, त्याखालचे कण पाण्यात किती वेगाने बसतात यावरून मोजतात. प्रतवारी किती झाली हे फोक आणि वॉर्ड यांनी १९५७ साली सुचवलेल्या सूत्राने फाय या एककात काढले जाते. फायची एक पायरी म्हणजे कणाचे माप दुप्पट किंवा निम्मे होणे, आणि आकडा जितका मोठा तितकी मापे जास्त विखुरलेली: ०.३५पेक्षा कमी म्हणजे उत्तम, २च्या वर म्हणजे अतिशय वाईट. टिल बहुधा या दुसऱ्या टोकाला सापडते. यात एक व्यावहारिक अडचण आहे, जी कोणत्या मापाचे कण किती हे दाखवणारा आलेख पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. दहा सेंटिमीटर व्यासाचा एक गोटाच किलोपेक्षा जास्त भरतो, त्यामुळे गोट्यांसह खरा नमुना घ्यायचा तर पोतीच्या पोती माती उचलावी लागेल. म्हणून बहुतेक वेळा फक्त २ मिलिमीटरखालचा भाग मोजतात, आणि निष्कर्षही तेवढ्यापुरताच असतो.

त्या भागातही टिलची एक खूण मिळते. हिमनदीच्या तळाशी खडक आधी फुटतो आणि मग घासला जातो. फुटण्यातून खडकाचे तुकडे मिळतात, तर घासण्यातून सुटे खनिजकण, जे आपापल्या ठरावीक मापापर्यंत बारीक झाले की पुढे फारसे फुटत नाहीत. त्यामुळे आलेखाला एकापेक्षा जास्त शिखरे येतात. द्रैमानिस आणि वाग्नर्स यांनी १९७१ साली हे नीट दाखवले, आणि माझ्या मते प्रतवारीच्या आकड्यापेक्षा ही खूण अधिक बोलकी आहे.

बर्फ वितळून पाणी वाहू लागले की निवड पुन्हा सुरू होते. बर्फाच्या तोंडाशी गोटे, पुढे वाळू आणि तळ्यात पोयटा व चिकणमाती असा क्रम लागतो. साध्या तापमानाच्या स्थिर पाण्यात ६३ मायक्रॉनचा कण एक मीटर खाली जायला साधारण पाच मिनिटे घेतो, तर २ मायक्रॉनचा तीन दिवसांहून अधिक. म्हणूनच हिमतळ्यांत उन्हाळ्यात पोयट्याचा थर बसतो आणि हिवाळ्यात पृष्ठभाग गोठून पाणी निश्चल झाले की चिकणमातीचा. अशा बारीक थरांत एखादा मोठा दगड रुतलेला दिसला, तर तो तरंगत्या हिमखंडातून सुटून पडला असण्याचा संभव मोठा असतो.

आता केदारनाथबद्दल. ते गाव चोराबारी हिमनदीच्या वितळपाण्याने घडवलेल्या मैदानावर वसलेले आहे, पण यात्रेकरूंच्या फोटोंत दिसणाऱ्या पुष्कळशा शिळा १७ जून २०१३ रोजी चोराबारी ताल फुटल्यावर आलेल्या लोंढ्याच्या आहेत. त्या तळ्याचा बांध म्हणजे हिमनदीच्या कडेला साठलेला दगडमातीचा ढीगच होता. लोंढ्याने तोच माल उचलला आणि चिखलाच्या दाट प्रवाहाला निवड करायला सवड नसल्यामुळे तो तसाच खाली पसरला. अशा गाळाचा आलेख टिलसारखा दिसू शकतो. शेवटी कोणी आणून टाकले हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी दगडांवरचे ओरखडे, लांबट गोट्यांची दिशा आणि खालच्या कातळाचा पृष्ठभाग पाहावा लागतो.

या शेवटच्या पुराव्यासाठी हिमालयात जायलाच हवे असे नाही. चंद्रपूरजवळ इरई येथे तालचीर या प्राचीन हिमकाळातल्या दगडगोट्यांच्या थराखाली पैनगंगा चुनखडकावर हिमनदीचे ओरखडे आहेत. फेडन यांनी त्यांची नोंद १८७५ साली प्रसिद्ध केली. हा थर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा, नाशिकच्या काळ्या पाषाणापेक्षा कितीतरी जुना. इतक्या जुन्या काळातील गाळ जिथे पक्का खडक झाला आहे तिथे चाळणी चालत नाही. खडकाचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजावे लागतात, आणि काप प्रत्येक कणाच्या मधोमध जात नसल्याने भरलेले माप खऱ्यापेक्षा लहान निघते, त्याची दुरुस्ती वेगळी करावी लागते.