आयर्विन पूल ते संगम

श्रावण, मंगळवार

सोमवारी हरिपूरला संगमेश्वराच्या यात्रेची झुंबड असते, म्हणून आजचा दिवस धरला. सांगलीच्या आयर्विन पुलापासून कृष्णेच्या कडेनं, जिथं वाट असेल तिथून, हरिपूरच्या संगमापर्यंत चालत जायचं. छत्रीचा सगळा वैताग. भुरभुर सुरू झाली म्हणून उघडावी तर ऊन, मिटावी तर परत भुरभुर.

पण सांगलीत आभाळाकडं बघून काय कळणार? इथं वर्षाला जेमतेम 500-600 मिलिमीटर पाऊस. आमच्या नदीचा पाऊस पडतो तो महाबळेश्वरात, नवजाला, कोयनेच्या खोऱ्यात. तिथलं पाणी 105 टीएमसीच्या धरणात साठतं, दरवाजे उचलले की कराडला कृष्णेत उतरतं आणि मग आमच्याकडं येतं. डोक्यावर लख्ख ऊन आणि घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली, असं इथं सहज होतं. म्हणून सांगलीकर हवामान विचारत नाही, फूट विचारतो.

मीही तेच केलं. पुलावर थांबून आधी खांबावरचे आकडे वाचले. 1929 सालचा हा पूल आमच्यासाठी पुलापेक्षा मोजपट्टीच जास्त आहे. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. आज पाणी 28 च्या आसपास दिसलं. कठड्याला टेकून एक मामा खाली बघत होते. ‘रात्रीत दोन फूट चढलंय, ताई,’ म्हणाले. पुढं काहीच बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

माई घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. मगरींपासून सावध राहायला सांगणारा फलक मात्र कोरड्यात उभा, आणि त्याच्याच शेजारी एक जण निवांत गळ टाकून बसलेला. मगर आणि सांगलीकर एकमेकांना किती मनावर घेतात, हा प्रश्नच आहे.

पुढं हरिपूरच्या रस्त्याला लागले. बागेतल्या गणपतीला बाहेरूनच हात जोडले. या रस्त्यावरची जुनी चिंचेची झाडं मला देवळांइतकीच जवळची वाटतात. पाऊस थांबला तरी पाऊणेक तास ती आपापलं ठिबकत राहतात, त्यामुळं खालून चालणाऱ्याला पाऊस थांबल्याचं कळतच नाही. इथं छत्रीचा नाद सोडला आणि सरळ भिजले.

हरिपुरात शिरल्यावर पेवांची आठवण निघणारच. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या हमालांनी सगळं हातवारे करून सांगितलं: जमिनीत खोल खणलेलं, तोंडाशी अरुंद, आत पोटाला फुगलेलं. त्यात हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लोटायची. वर्षानुवर्षं हळद टिकायची, कीड नाही. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली कोंदट हवा माणसाला मारते. तोंड उघडं ठेवून वाट बघायची, मग उतरायचं. ‘आमची माती चिवट, पाणी झिरपू द्यायची नाही,’ असं ते अभिमानानं म्हणाले. मग 2005 चा पूर आला. पाणी खालून झिरपलं नाही, वरून आलं, आणि पेवंच्या पेवं हळदीसकट गेली. आता माल गोदामात आणि शीतगृहात. ते सांगत असताना शेजारचा पोरगा मोबाइलवर कोयनेचा विसर्ग बघत होता. म्हाताऱ्यांनी बोलणं मध्येच तोडून त्याला विचारलं, ‘किती सोडलंय?’

संगमावर पोचले तेव्हा ऊन होतं. समोरून वारणा येऊन कृष्णेत मिसळते. आज दोन्ही पाण्यांचे रंग वेगळे दिसत होते, एक तांबूस, एक मातकट, आणि बरंच अंतर ती शेजारी शेजारी चालली होती. वारणेवर वर चांदोलीचं धरण. म्हणजे इथं उभं राहून आपण दोन धरणांच्या निर्णयांकडं बघत असतो. 2019 च्या ऑगस्टात आयर्विनला पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा या दोन पाण्यांतला फरक कुणाच्याच लक्षात आला नसेल.

देवळात नंदीपाशी बसून घरून आणलेलं भडंग खाल्लं. दमट हवेनं ते पार सादळलं होतं. पुढं अंकलीपर्यंत जायचा विचार होता, पण शेतातल्या वाटेवर काळ्या मातीचा चिखल घोट्याच्या वर येत होता, आणि या चिखलात चप्पल रुतली की हातानंच उपसावी लागते. रिक्षानं परतले.

रिक्षावाले दादा सूर्यवंशी प्लॉटमधले. पाणी चढलं की पहिली घरं त्यांचीच. त्यांनी फ्रिज कालच मेहुण्याकडं विश्रामबागला पोचवलाय. ‘नाही आलं पाणी तर परत आणायचा. भाडं जाईल तेवढंच,’ म्हणाले. घरी आल्यावर आईनं काय बघितलंस विचारलं. मी फूट सांगितले. तिनं लगेच रेशनकार्ड आणि घराचे कागद कपाटाच्या खालच्या कप्प्यातून वर, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायला लावले, आणि मग चहा टाकला.