फुरसं, कॅज्युअल्टी आणि खिडकीतली नळी

हरतालिकेची संध्याकाळ. आदल्या रात्री ठाण्याहून गावी पोचलो होतो. रत्नागिरी जिल्ह्यात, सड्याला, म्हणजे कातळाच्या माळाला लागून आमची वाडी. पावसात परसातल्या गडग्याचा, दगडी कुंपणाचा, एक कोपरा ढासळला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतीला माणसं यायची म्हणून मी ते धोंडे पुन्हा रचायला घेतले. चौथा की पाचवा धोंडा उचलला आणि उजव्या हाताच्या अनामिकेत काहीतरी टोचलं. पहिल्यांदा काटाच वाटला. पण काटा टोचल्यावर धोंड्याखालून करवत घासल्यासारखा आवाज येत नाही.

"फुरसं," मी म्हणालो. सड्यावरचा छोटा विषारी साप. चुलतभाऊ पाच पावलांवर होता. त्याने हातातली कोयती टाकली आणि धावत रिक्षा काढायला गेला. हे त्याने सगळ्यात बरोबर केलं.

घरात मात्र सगळे आपापल्या परीने कामाला लागले. आई देवापुढे गाऱ्हाणं घालायला बसली, काकी हळद शोधायला गेली आणि शेजारचे अण्णा ब्लेड मागू लागले. ब्लेड कुणाला सापडलं नाही हे माझं नशीब. भावाने परत येऊन मनगटावर रुमाल करकचून बांधला. असं बांधू नये हे मला माहीत होतं, तरी मी हात पुढे केला. घाबरलेल्या माणसाला काहीतरी बांधलेलं बरं वाटतं. 108 ला फोन लावला तर जवळची गाडी दुसऱ्या केसवर गेलेली, यायला चाळीस मिनिटं. एरवी मी त्या गाडीसाठी थांबलो असतो; 2014 पासून ती राज्यभर फुकट फिरते आणि तिच्यात डॉक्टर असतो. पण तेवढ्या वेळात रिक्षा तालुक्याला पोचत होती. हात मांडीवर, शक्य तितका न हलवता, आम्ही निघालो. चावल्याची वेळ भावाने मोबाईलमध्ये लिहून ठेवली होती: 5.35. पुढे हा आकडा किमान सात जणांनी विचारला.

तालुक्याच्या तोंडाशीच एक खासगी रुग्णालय लागतं. काउंटरवरच्या मुलीने हाताकडे बघितलंसुद्धा नाही. "सापाची केस आम्ही घेत नाही, सरकारीत न्या." सापाच्या विषावरची लस नसेल, ठीक आहे. पण आतून कुणी डॉक्टर येऊन बघू शकले असते, सरकारीत एक फोन करू शकले असते. 1989 साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की जखमी माणसाचा जीव वाचवणं हे सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. हे मी नंतर वाचलं. त्या वेळी आम्ही फक्त रिक्षा वळवली.

सरकारी रुग्णालयात 6.25 ला शिरलो. माझ्या डोक्यात चित्र असं होतं की साप म्हटल्यावर धावपळ होईल, स्ट्रेचर येईल. प्रत्यक्षात सिस्टरनी बाकावर बसवलं, बीपी घेतलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, डोळे उघड-मीट करायला लावले, आ करून हिरड्या बघितल्या आणि म्हणाल्या, "बसा. हात खाली सोडू नका, मांडीवर ठेवा." आणि त्या निघून गेल्या! माझ्यानंतर आलेल्या एका म्हाताऱ्या आजींना आधी आत घेतलं. त्या काहीच बोलत नव्हत्या, नुसत्या खांदे उचलून श्वास घेत होत्या. बाईकवरून पडलेला एक पोरगा मात्र गुडघा धरून बोंबलत होता, तो माझ्याही नंतर गेला. मला तेव्हा राग आला होता. आता कळतं, ओरडणाऱ्याला निदान श्वास पुरतो.

भाऊ तोवर केसपेपर काढून आला. पैसे नाहीत, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. नाव, वय, गाव, आणि शेवटी "एमएलसी", म्हणजे मेडिको-लीगल केस, असा शिक्का. सर्पदंश म्हणजे पोलिसांकडे नोंद. एक हवालदार येऊन दोन ओळी जबाब घेऊन गेले. "कुणी मुद्दाम सोडला नाही ना साप?" त्यांना विचारावंच लागतं म्हणे. हा कागद पुढे विम्याला, शेतकरी असाल तर अपघात अनुदानालाही लागतो. त्यामुळे तिथे कंटाळा करू नका.

ड्युटीवरच्या डॉक्टर तिशीच्याही नसतील. पहिला प्रश्न, "साप बघितलात?"

"फुरसंच होतं."

"बघितलात का?"

नव्हता बघितला. केसपेपरवर त्यांनी "अज्ञात साप" लिहिलं. मी जरा दुखावलोच. सड्यावर वाढलेल्या माणसाला कोण सांगणार! पण त्या म्हणाल्या की साप कुठला यावर अडून बसायचं नाही. इथली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असते. "साप शोधायला कोणी मागे थांबलं नाही ना? नाहीतर दुसरी केस येते." मग भराभर प्रश्न: रुमाल किती वाजता बांधला, गावठी औषध काही पोटात दिलंय का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. रिक्षात भावाने त्याच्या पाठदुखीची गोळी दिली होती, ती सांगायला मी लाजत होतो. भावानेच सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि ते लिहून घेतलं. रुमाल लगेच सोडला नाही. आधी डाव्या हाताला सुई लावून सलाईन तयार ठेवलं, मग हळूहळू सैल केला.

अंगठीचा घोळ तोवर लक्षात आला. त्याच बोटात चांदीची पोवळ्याची अंगठी. गेल्या वर्षी आईने एका ज्योतिषाकडून करवून घेतलेली, अपघात टळावा म्हणून. बोट वांग्यासारखं सुजलेलं. साबण लावून निघेना. वॉर्डातल्या मामांनी कुठूनशी पक्कड आणली आणि दोन ठिकाणी कापली. दंशापेक्षा जास्त मी त्या वेळी ओरडलो असेन. घरातून निघतानाच काढली असती तर दोन सेकंदांचं काम होतं.

मग डॉक्टरांनी थोडं रक्त घेतलं, एका कोऱ्या काचेच्या नळीत सोडलं, घड्याळ बघून चिकटपट्टीवर वेळ लिहिली आणि नळी खिडकीच्या कट्ट्यावर स्टँडमध्ये उभी ठेवली. "हिला कुणी हात लावायचा नाही," एवढं सांगून त्या आजींकडे गेल्या.

मी वाट बघतोय. भाऊ वाट बघतोय. हात कोपरापर्यंत ठणकतोय, थुंकी गुलाबी येतेय, आणि सगळ्या अपघात विभागात माझ्याकडे कुणाचंच लक्ष नाही. दहाव्या मिनिटाला भावाचा आवाज चढला. "लस आहे की नाही ते सांगा, नाहीतर आम्ही रत्नागिरीला नेतो!" सिस्टर त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "आहे. नळी बघा. तीच सांगणार आहे." मग त्यांनीच समजावलं. चांगलं रक्त काचेत वीस मिनिटांत गोठतं. फुरशा-घोणसाचं विष रक्ताची गोठण्याची शक्तीच खाऊन टाकतं. काच कोरीच लागते, साबणाने धुतलेली चालत नाही, प्लास्टिक तर नाहीच. चावलेल्या प्रत्येकाला लस देत नाहीत, कारण कित्येकदा सापाने विष सोडलेलंच नसतं, आणि लस घोड्याच्या रक्तापासून बनते, तिचीच रिॲक्शन येऊ शकते. म्हणजे ज्या वीस मिनिटांत माझं काहीच होत नाही असं मला वाटत होतं, त्याच वीस मिनिटांत माझा निर्णय तिथे खिडकीत उभा होता.

वेळ झाली. डॉक्टरांनी नळी एकदाच हलकेच आडवी केली. रक्त पाण्यासारखं काठापर्यंत ओघळलं. भाऊ गप्प झाला.

त्यानंतर मात्र धावपळ झाली. दहा बाटल्या लस, एकेक पावडर विरघळवून, सलाईनमध्ये घालून तासाभरात द्यायची. शेजारी ट्रेमध्ये ॲड्रेनलिनचं इंजेक्शन भरून ठेवलेलं. पंधराव्या मिनिटाला मानेला खाज सुटली, मग पोटावर गांधी उठल्या, मग दात वाजतील अशी थंडी. सांगावं की नाही या विचारात मी दोन मिनिटं घालवली. तसं करू नका, खाज सुटल्या क्षणी ओरडा. सलाईन थांबवलं, ते इंजेक्शन मांडीत दिलं, आणि थंडी उतरल्यावर लस पुन्हा, हळू, सुरू केली. लस मध्येच थांबली म्हणजे उपचार फसला, असं मला वाटलं होतं. तसं नसतं.

रात्री वॉर्डात हलवलं. लघवी मापाच्या भांड्यात करायची आणि रंग दाखवायचा, कारण पुढचा धोका किडनीला. दीडच्या सुमाराला पुन्हा तोच सोहळा: रक्त, नळी, वेळ, खिडकी. या खेपेला भाऊ स्टूल घेऊन नळीसमोर पहाऱ्यालाच बसला. पहाटे दोनला सिस्टरनी ती आडवी केली. आतला गडद गोळा जागचा हलला नाही, खरवसासारखा घट्ट. त्या हसल्या आणि भावाला म्हणाल्या, "आता जाऊन चहा प्या." धनुर्वाताचं इंजेक्शनही त्यानंतरच दिलं, रक्त गोठत नसताना उगाच दंडात सुया टोचत नाहीत.

आमचा गणपती दीड दिवसाचा. तो आला आणि गेला, मी वॉर्डातच. ऋषिपंचमीच्या रात्री घरी सोडलं. आठवडा-दहा दिवसांनी ताप आला, सांधे धरले, अंगावर पुरळ उठलं तर परत या, ते लसीमुळे असतं, असं डिस्चार्ज कार्डावर लिहूनही दिलं. निदानाच्या रकान्यात "सर्पदंश, साप अज्ञात". मी काही बोललो नाही.

कार्डासोबत एका कागदी पुडीत अंगठीचे दोन तुकडे होते, पोवळ्यासकट, सही घेऊन दिलेले. आई दुसऱ्याच दिवशी म्हणाली, सोनाराकडून जोडून घेऊ. पण बोट अजून दुप्पट आहे, माप कशाचं देणार.