मालवणच्या होडीत दोन जिजाबाई

यावेळी कोकणात जाताना आत्या बरोबर होती, म्हणजे दर तासाला चहा आणि गाडीच्या एसीवरून वाद. महाडला हायवे सोडून पाचाडला गेलो ते तिच्याच हट्टामुळे. मी तर सरळ मालवण गाठू म्हणत होते, पण बरं झालं गेलो ते. रायगडावरचा गार वारा जिजाऊंना सोसेना म्हणून महाराजांनी पायथ्याला वाडा बांधून दिला असं सांगतात. त्या वाड्याचे आता नुसते चौथरे आणि तक्क्याची विहीर उरलीय. समाधीपाशी आत्या चप्पल काढून गप्प उभी राहिली, ती गप्प राहणं हीच बातमी. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला त्या गेल्या, अकरा दिवसांत. तिथून मालवणपर्यंतचा रस्ता, खड्डे, डायव्हर्जन याबद्दल काही लिहीत नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना माहितीय.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग. जेट्टीवर ही गर्दी, लाइफ जॅकेटला आदल्या दहा जणांच्या घामाचा वास, आणि होडीत आम्ही असे बसलेलो की माझा एक गुडघा कायम कुणाच्या तरी बॅगेत. आमच्याबरोबरच्या एका ग्रुपने गाईड घेतलेला, तो होडीतच सुरू झाला. १६६४ साली पाया घातला, पायात शिसं ओतलं, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, चारी बाजूंनी खारं पाणी आणि विहिरीत गोडं. सगळं ठीक चाललेलं. मग म्हणाला, "पुढे इंग्रजांनी किल्ला घेतला, तेव्हा जिजाबाईंनी तो त्यांच्याकडून परत मिळवला!" लगेच होडीत कुणीतरी ओरडलं, जय जिजाऊ, आणि सगळ्यांनी साथ दिली, आत्याने तर सगळ्यात मोठ्याने.

आता गंमत अशी की गाईडचं वाक्य चुकीचं नव्हतं. इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला १७६५ साली, म्हणजे पाचाडची समाधी झाल्यावर ९१ वर्षांनी. किल्ला परत घेणारी जिजाबाई कोल्हापूरची, राजाराम महाराज आणि राजसबाई यांचा मुलगा संभाजी, त्याची राणी. जिजाऊंची पणतसून म्हणा ना. नवरा १७६० ला वारला, मूलबाळ नाही, दत्तक घेतलेला मुलगा लहान, म्हणून १७७३ पर्यंत कारभार तिनेच हाकला. मालवणची गलबतं इंग्रजांच्या व्यापारी जहाजांना लुटतात म्हणून मुंबईकर इंग्रजांनी आरमार पाठवलं, किल्ला घेतला आणि त्याचं नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस (सिंधुदुर्गाला ऑगस्टस!). पण तो सांभाळायचा खर्च परवडेना आणि पाडायचा म्हटलं तर तटबंदी पाडवेना. शेवटी जहाजांना त्रास देणार नाही या हमीवर आणि ३ लाख ८२ हजारांच्या वर रुपये कबूल करून घेऊन किल्ला कोल्हापूरला परत दिला. तलवार वगैरे काही नाही, घासाघीस करून सोडवलेला किल्ला आहे तो.

मला हे सगळं एरवी माहीत नव्हतं हो. तीन वर्षांपूर्वी मीच या किल्ल्याचा फोटो टाकून खाली "जिजाऊंनी इंग्रजांना झुकवलं" लिहिलेलं, कुणीतरी इनबॉक्समध्ये येऊन समजावलं, तेव्हा लाज वाटून वाचलं. म्हणून तोंड उघडलं. म्हटलं, या त्या नव्हेत, या दुसऱ्या जिजाबाई.

समोरचे टोपीवाले काका माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी खाली पाय सोडून होडीला भोक पाडतेय. "जिजाबाई दोन? शिवाजी महाराजांच्या आईच ना?"

आणि मी बावळटासारखी खरं बोलले. "हो, म्हणजे यांच्या दत्तक मुलाचं नावपण शिवाजीच."

झालं. काकूंनी कपाळाला हात लावला, कुणीतरी "आजकाल काहीही वाचतात" म्हणालं, गाईड दूर गोमुखी दरवाज्याकडे बोट दाखवत राहिला आणि आत्याने मला चिमटा काढला. किल्ल्यात शिवराजेश्वराच्या देवळात दर्शन घेतलं, तटावरून फिरलो, ऊन मरणाचं होतं, पण माझं लक्षच नव्हतं. मनात सारखं तेच, की बाईने तेरा वर्षं राज्य चालवलं आणि तिचं काम सासरच्या पणजीच्या खात्यावर जमा. मोठ्या नावाखाली धाकटी गडप.

रात्री होमस्टेवर बांगडा येईपर्यंत आत्या सोलकढी पीत बसलेली. एकदम म्हणाली, "आपल्याकडे दोन लक्ष्मीबाई होत्या, ठाऊक आहे का तुला? थोरली माझी आजी, धाकटी तिची पुतणसून. सातबाऱ्यावर तलाठ्याने दोघींची एकच बाई केली, नि धाकटीचा आगराचा तुकडा गेला तो गेलाच."

"मग होडीत मला चिमटा का काढलास?"

"सगळ्यांपुढे शोभतं का ते," म्हणाली, आणि बांगड्याचा मधला तुकडा स्वतःच्या ताटात ओढला.