दुखत नव्हतं, म्हणून चार महिने गेले

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिळाची वडी चावताना डावीकडचा खालचा दाढांवरचा ब्रिज उचकटल्यासारखा वाटला. आरशात पाहिलं तर सगळं जागच्या जागी. हा ब्रिज २०१३ सालचा. तेव्हा मधली दाढ किडून काढावी लागली होती. तिच्या पुढची आणि मागची अशा दोन दाढा कोरून, तीन कॅपांची एकसंध पट्टी त्यांच्यावर बसवली होती. अकरा वर्षं त्या ब्रिजने भाकरी, ऊस, चिवडा सगळं निभावलं, त्यामुळे तो कधी सुटेल असं मनातही आलं नव्हतं.

मग हळूहळू एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. जिभेने मागून दाबलं की बारीक 'टक' व्हायचं. सकाळी उठल्यावर तोंडाला कुबट चव यायची, कितीही चुळा भरल्या तरी जायची नाही. पण दुखत मात्र काडीचंही नव्हतं. घरात भाचीच्या लग्नाची गडबड होती. दुखायला लागलं की जाऊ, असं ठरवून मी उजवीकडून जेवत राहिले.

मार्चमध्ये घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. तिथे ब्रिज हलवून पाहिला, कडेने थोडं सिमेंट भरलं आणि 'झालं' म्हणून सांगितलं. एक्स-रे काढलाच नाही. दिवसभर तोंडाला लवंगेच्या तेलाचा वास होता, बरं वाटत होतं. पाच आठवड्यांत पुन्हा 'टक'. त्या दिवसाचा मला अजून राग येतो, कारण तेव्हाच फोटो काढला असता तर कदाचित दाढ वाचली असती.

मे महिन्यात सांगलीतच दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. मुलगी तरुण, पण घाई अजिबात नाही. तिने माझ्या हातात आरसा दिला आणि बोटाने ब्रिज दाबला. मागच्या कॅपच्या कडेने लाळेचे बुडबुडे बाहेर आले. "काकू, हे बघा. पुढची कॅप घट्ट आहे, मागची सुटलीय. तुम्ही घास चावला की ही वर-खाली होते आणि दर वेळी आत लाळ आणि अन्न ओढलं जातं. वर पुढच्या दाढेवर पहार लावल्यासारखा ताण येतो तो वेगळाच." एक्स-रेत मागच्या कॅपखाली काळी सावली दिसत होती. मी विचारलं, मग दुखलं कसं नाही? ती म्हणाली, "या दाढेचं रूट कॅनाल झालंय ना. आतली नस काढलेली आहे. दुखणार कुठून?"

हे मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

ब्रिज ओढून काढला तर पुढची चांगली दाढ मोडेल, म्हणून तो कापायचा ठरला. भुलीचं इंजेक्शन दिल्यावर दुखलं नाही, पण धातू कापतानाची थरथर जबड्यातून थेट कानात जाते. मध्येच थांबून ती पाणी ओढून घ्यायची, मला श्वास घेऊ द्यायची. मागचा तुकडा निघाला तसा कुजका वास खोलीभर पसरला. आत दाढ उरलीच नव्हती म्हणा ना. छोट्या चमच्यासारख्या हत्याराने ती खरवडत होती आणि भिजलेल्या लाकडासारखा तपकिरी भुसा निघत होता. कीड हिरडीच्या खाली गेली होती. नवी कॅप धरायला काही शिल्लक नव्हतं, त्यामुळे दाढ काढावी लागली. पुढच्या दाढेच्या कडेला कीड होती, ती भरून तिच्यावर वेगळी कॅप बसली.

मधल्या जागेसाठी इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूवरची कॅप, घ्यायचं ठरवलं, कारण काढ-घाल करायची कवळी मला नको होती. पण माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ८.४ टक्के आली. साखर आटोक्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाची भीती असते, म्हणून डॉक्टरांनी आधी ती खाली आणायला लावली. नंतर थ्रीडी स्कॅन झाला, खालच्या जबड्यातल्या नसेपर्यंत किती हाड आहे ते मोजायला. स्क्रू बसवल्यावर हाड धरेपर्यंत तीन महिने थांबले, मग कॅप. कॅप कुठे जास्त टेकते ते पाहायला निळा कागद चाववून तिची उंची तीनदा घासून घेतली.

या सगळ्यात मिरजेच्या ताईचा फोन आला. तिचाही ब्रिज हलत होता आणि तिचंही तेच, "अगं, दुखत नाही, बघू दिवाळीनंतर." मी तिला सोडलंच नाही. त्याच आठवड्यात जा, एक्स-रे काढायला लाव, तोपर्यंत त्या बाजूने चावू नकोस. निघून हातात आला तर डबीत घालून घेऊन जा, घरी फेविक्विक लावू नकोस. आणि सैल झालेला निघत असेल तर तो तोंडात ठेवून झोपू नकोस, झोपेत घशात जाऊ शकतो.

ताई शुक्रवारी गेली. ब्रिज अख्खा निघाला. त्याच्याखालच्या दोन्ही दाढा चांगल्या होत्या, फक्त सिमेंट झिजलं होतं. साफ करून तोच ब्रिज पुन्हा बसवला. रात्री फोन करून म्हणाली, अर्ध्या तासात झालं गं.