पालमच्या हँगरमध्ये बाबांसोबत

दिल्ली-आग्रा सहलीचे सहा दिवस सर्वांचे जातात तसेच आमचेही गेले, आणि त्यांविषयी लिहावे असे फारसे काही नाही. लिहायचे आहे ते पालमच्या हवाई दल संग्रहालयात घालवलेल्या एका सकाळीविषयी. सहल कंपनीच्या कार्यक्रमात हे ठिकाण नव्हते. बाबांनी हट्ट धरला, म्हणून मंडळी करोलबागेत खरेदीला गेली तेव्हा आम्ही दोघे टॅक्सी करून निघालो. त्यांनी ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात एकतीस वर्षे फिटर म्हणून काढली आहेत, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना त्यांच्या कामाविषयी एकदाही नीट विचारले नव्हते.

मी लढाऊ विमाने पाहायला गेलो होतो; बाबा मात्र वापिटी या जुन्या विमानापुढेच थांबले. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्याजवळ अशी चार विमाने होती : सांगाड्यावर ताणून बसवलेले कापड, वरखाली दोन पंख आणि वैमानिकाची उघडी बैठक. वैमानिक पाच आणि जमिनीवरचे हवाई शिपाई एकोणीस. "म्हणजे उडणाऱ्या एकामागे राबणारे चार जण," बाबा म्हणाले, "आणि फोटो मात्र पाचांचेच."

खरा वेळ गेला तो लिबरेटरजवळ. तेहेतीस मीटरहून अधिक पंखविस्ताराचे, चार इंजिनांचे हे बॉम्बफेकी विमान आपल्याकडे आले कसे, हे मला ठाऊक नव्हते. दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी अमेरिकेकडून उसनी घेतलेली ही विमाने कानपूरला टाकून देण्यात आली, आणि ती पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून इंजिनांत वाळू ओतली गेली, उपकरणे फोडली गेली. त्या भंगारातून एकाचा भाग दुसऱ्याला लावत एचएएलच्या कारागिरांनी ती जेमतेम उडण्याजोगी केली, वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळुरूला उडवत नेली, आणि तेथे पूर्ण दुरुस्त झाल्यावर सुमारे चाळीस विमाने नव्या देशाच्या हवाई दलात दाखल झाली. १९६८ पर्यंत ती सेवेत होती. बाबा मान वर करून पोटाखालचे जोड न्याहाळत होते. वाळू गेलेले इंजिन पूर्ण खोलावे लागते, प्रत्येक भाग धुऊन, मोजून, मगच पुन्हा बसवावा लागतो, हे त्यांनी मला इतक्या सविस्तर सांगितले की जणू ते काम कालच त्यांच्या टेबलावर आले होते.

१४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर हल्ला होत असताना नॅट हे छोटे लढाऊ विमान घेऊन झेपावलेले आणि पाकिस्तानच्या सेबर विमानांशी एकट्याने झुंजलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों हे परमवीरचक्र मिळालेले हवाई दलातील एकमेव योद्धे. त्यांच्या स्मृतीला मी हात जोडले. काश्मीरवर टोळीवाले चालून आले असताना २७ ऑक्टोबर १९४७ रोजी याच दिल्लीतून डाकोटा विमानांनी शीख पलटण श्रीनगरला उतरवली नसती, तर ते विमानतळही हातचे गेले असते. माझ्या मते हवाई दलाची मोठी कामगिरी मोजताना पाडलेल्या विमानांइतकाच वेळेवर पोहोचवलेल्या माणसांचाही हिशेब धरायला हवा.

मिग-२१ जवळ शाळेची मुले दाटीवाटीने छायाचित्रे काढत होती. एरवी अशा गर्दीचा मला त्रास होतो, पण त्या मुलांनी आजोबांना लगेच वाट दिली. १९६३ मध्ये आलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप घेऊन निवृत्त झाले. त्या बातम्या बाबांनी दिवसभर दूरचित्रवाणीसमोर बसून पाहिल्या होत्या, आणि मी त्यांना जेवायला उठवत राहिलो होतो, याची आता मला खंत वाटते.

बाबांनी हात लावला नाही. पाठीमागे हात बांधून ते वाकले आणि पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांच्या ओळीवरून नजर फिरवत नाकापासून शेपटीपर्यंत गेले. एका मुलाने विचारले, "आजोबा, तुम्ही हे चालवत होता?"

"नाही रे बाळा," ते म्हणाले, "मी हे बांधत होतो."

मग तो मुलगा आपल्या बाईंना बोलावून घेऊन आला, आणि बाबांनी त्या पंधरावीस मुलांना रिव्हेट कशी बसवतात ते रिकाम्या हातांनी करून दाखवले.