पाझर घटला तर आधी नाली तपासा

गोव्यात लोहखनिज धुतल्यावर उरणारा बारीक गाळ, म्हणजे टेलिंग्ज, मातीच्या बांधामागे साठवतात. असा बांध थोडाफार पाझरतोच, आणि पाझरायलाही हवा. पाहायचं ते किती पाझरतो, कुठून आणि कसलं पाणी येतं.

बांधाच्या पायथ्याच्या नालीवर ९० अंशांची व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी V च्या आकाराची खाच असलेला पत्रा, बसवा. पाण्याची उंची खाचेच्या तोंडाशी मोजू नका. तिथे पाणी खाली झुकलेलं असतं. कमाल उंचीच्या निदान चौपट अंतर मागे पट्टी लावा. उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन तिचा २.५ वा घात काढा आणि ०.०१३८ ने गुणा, की सेकंदाला किती लिटर ते मिळतं. ६ सेंमीला साधारण १.२ लिटर, ८ सेंमीला २.५. दोनच सेंटिमीटर वाढले आणि प्रवाह दुप्पट झाला! म्हणून खाचेत अडकलेलं पान किंवा शेवाळ आधी काढायचं, आकडा मग लिहायचा. त्याच ओळीत त्या दिवसाचा पाऊस, बांधामागच्या तलावाची पातळी आणि पिझोमीटरची (बांधातल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळीची) नोंद हवी. नुसत्या पाझराच्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

पावसाळ्यात पाझर वाढणं स्वाभाविक आहे. खरी काळजी उलट्या चित्राची: नालीचा प्रवाह घटतोय आणि बांधातल्या पिझोमीटरची पातळी चढतेय. म्हणजे बहुधा बांधातला फिल्टर (पाणी जाऊ देणारा, माती अडवणारा थर) किंवा नाली लोहाच्या साक्याने तुंबली आहे आणि पाणी आतच साठतंय. २५ जानेवारी २०१९ ला ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यो इथला टेलिंग्जचा बांध फुटला, २७० माणसं गेली. तिथे २०१६ पासून गाळ टाकणं बंद होतं. तरी निचरा अपुरा असल्याने बांधातली पाण्याची पातळी चढीच राहिली होती.

आता रंग. आमच्याकडे सगळंच तांबडं, त्यामुळे नुसत्या नजरेने फसगत होते. पारदर्शक बाटलीत पाणी भरून उजेडात धरा. भरतानाच गढूळ असेल आणि तळाशी कण बसत असतील, तर पाणी बांधातली माती किंवा गाळ वाहून आणतंय. तसं दिसलं तर उद्याची वाट पाहू नका, लगेच अभियंत्याला बोलवा. पाणी आधी नितळ असेल आणि काही तासांनी नारिंगी झालं, तर ते विरघळलेलं लोह हवा लागून बाहेर पडतंय.

याच कारणाने विरघळलेल्या लोह-मँगनीजचा नमुना जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, मग नायट्रिक आम्ल घालून सामू (pH) २ च्या खाली आणा. क्रम उलटला तर आम्लात कणही विरघळतात आणि आकडा फुगतो. आम्ल घातलंच नाही, तर लोह बाटलीच्या तळाशी बसतं आणि प्रयोगशाळेला पाणी चांगलं दिसतं. सामू आणि विद्युतवाहकता जागेवरच मोजा. सल्फेटसाठी वेगळी बाटली घ्या, तिच्यात आम्ल नको.

दाब मोजायच्या पिझोमीटरमधून नमुना उपसू नका. बारीक गाळात पातळी पूर्ववत व्हायला दिवसच्या दिवस जातात. नमुन्यासाठी बांधाखाली वेगळी विहीर हवी. ५० मिमी पाइपात मीटरला सुमारे २ लिटर पाणी असतं. सहा मीटर पाणी असेल तर आधी पाइपात साचलेल्या पाण्याच्या तिप्पट, म्हणजे ३६ लिटर उपसून टाकायचं आणि मगच बाटली भरायची.